पवनारचा प्रयोग आणि ‘स्वप्नाळू’ समाजवाद

फ्रेडरिक एंगल्सने १८८० मध्ये सेंट सायमन, फूरिये व रॉबर्ट ओवेन यांचा समाजवाद ‘स्वप्नाळू’ ठरविला, तेव्हा त्याचा आक्षेप ध्येयापेक्षा पद्धतीवर होता. आदर्श समाजाचा आराखडा बुद्धीने रचावयाचा आणि तो धनिकांनाही पटेल अशी आशा बाळगावयाची, हा मार्ग त्याला वांझ वाटे. समाज बदलतो तो वर्गसंघर्षातून, असे त्याचे प्रतिपादन होते. ओवेनने १८२५ मध्ये अमेरिकेत वसविलेली ‘न्यू हार्मनी’ दोन-तीन वर्षांतच विस्कटली होती.

धाम नदीकाठच्या पवनारला हीच कसोटी लावता येईल काय? १९५० मध्ये विनोबांनी येथील परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. पैशाचा आधार सोडून स्वश्रमावर जगणे, हे त्याचे सूत्र. ८ मार्च १९५१ रोजी ते येथूनच पायी हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास निघाले. पुढे सशस्त्र लढ्याने होरपळलेल्या तेलंगणात, १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान जन्मले ते असे प्रसंगातून. आधी आराखडा नव्हताच. एंगल्सच्या टीकेचा पहिला भाग म्हणूनच येथे लागू पडत नाही.

दुसरा मात्र पडतो. पाच कोटी एकरांचा संकल्प होता. मिळाली सुमारे बेचाळीस लाख एकर. त्यातही बरीचशी नापीक वा वादग्रस्त निघाली, वाटप रेंगाळले. कोणती जमीन सोडावयाची हे दाताच ठरवीत असेल, तर दुसरे काय होणार? लोहियांनी गांधीवाद्यांचे सरकारी, मठी व कुजात असे वर्ग पाडले, त्यातील ‘मठी’ हा शब्द पवनारच्या वर्मी लागणारा होता.

विनोबांचे उत्तर साधनशुद्धीचे होते. जमिनीचा प्रश्न कत्ल, कानून किंवा करुणा यांनीच सुटेल आणि पहिल्या मार्गाने मिळालेली समता टिकणार नाही, असे ते मानीत. विसाव्या शतकातील सक्तीच्या सामुदायिक शेतीचा इतिहास पाहता हे उत्तर सहज झटकता येत नाही.

१९५९ मध्ये पवनारला स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनींनी सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत रुजविली. तेथे येणाऱ्यांनी मालमत्ता आधीच सोडलेली असते. ग्रामदानी गावात मात्र सावकार आणि त्याचा कर्जदार एकाच सभेत बसत, आणि सर्वसंमती तेथेही हवी होती.