घरी बांधलेली लोटस सेव्हन किती भरवशाची?
लोटस सेव्हन ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९५७ मध्ये आली. तिच्या प्रतिकृती ब्रिटनमधले हौशी लोक आजही घरच्या गॅरेजमध्ये बांधतात. रॉन चॅम्पियन यांच्या १९९६ च्या पुस्तकाने तर चौकोनी पोलादी नळ्या आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग यांतून गाडी उभी करायला शिकवलं. इंजिन, गिअरबॉक्स कंपनीचेच, त्यामुळे ते सहसा दगा देत नाहीत. खरा कस वेल्डिंगचा आणि वायरिंगचा! फायबरग्लासच्या मडगार्डमधून वीज वाहत नाही, म्हणून त्यावरच्या दिव्याची अर्थिंगची वायर वेगळी चॅसीपर्यंत न्यावी लागते; ती सैल राहिली की दिवे मिणमिणतात. विकत घेणार असाल तर रंग नंतर बघा, आधी गाडीखाली शिरून सस्पेन्शनच्या ब्रॅकेटचे जोड नीट तपासा.