जुन्या जीपचे पेट्रोल कोठे जाते?

मंचर, घोडेगाव मागे टाकून तळेघरमार्गे भीमाशंकरकडे चढणाऱ्या रस्त्यावर एखादी जुनी पेट्रोल जीप पूर्वीपेक्षा अधिक इंधन मागू लागली, म्हणजे सारा दोष तिच्या वयाच्या खाती टाकण्याचा रिवाज आहे. तो मला अन्यायाचा वाटतो. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत ज्या अमेरिकन विलीज जीपची जुळवणी आरंभिली, तिच्या सुमारे 2,200 घन सेंटिमीटरच्या इंजिनात संपीडनाचे गुणोत्तर जेमतेम साडेसहास एक असल्यामुळे उष्णतेपैकी कामी येणारा अंश मुळातच अल्प होता.

पुढे वाढतो तो खर्च पुष्कळदा कार्ब्युरेटरमधून: फ्लोट वर येताच पेट्रोलची वाट मिटणारी सुई आणि तिची बैठक झिजली, की आतील पातळी चढते, आणि वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण ढळून पेट्रोलचा अंश वाढतो. घाटमाथ्यावरील विरळ हवा त्यात भरच घालते. स्पार्क प्लग काढून पाहावा. टोकावर कोरडी, मऊ काजळी असेल, तर पेट्रोल अर्धवट जळत असल्याचा तो सबळ पुरावा समजावा. काळेपणा तेलकट असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यावा. सुई-बैठकीचा खर्च किरकोळ असल्याने, इंजिन उघडण्याचा घाट घालण्यापूर्वी तीच आधी तपासून घ्यावी.