विश्लेषण : कढीपत्त्यावरची अळी ते फुलपाखरू... घरच्या घरी कोशाचे निरीक्षण आणि छायाचित्रण कसे करावे?

पाऊस सुरू झाला की अंगणातल्या कढीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळतात. अनेक जण त्या काढून फेकतात. तीच अळी तीन-चार आठवड्यांत फुलपाखरू होऊन उडते. वर्धा जिल्ह्यात हा सारा प्रवास घराच्या खिडकीत, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टिपता येतो. मात्र हौसेपोटी केलेली चूक कोशातल्या जीवावर बेतू शकते.

वर्ध्यात कोणती फुलपाखरे वाढवून पाहता येतात?

प्राणिशास्त्राचे अभ्यासक डॉ. आशिष टिपले यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत विदर्भातील फुलपाखरांच्या १६७ प्रजाती आहेत. नवख्यांसाठी त्यातल्या तीन सोप्या. लिंबू, संत्रा, कढीपत्त्यावर वाढणारे लिंबू फुलपाखरू, रस्त्याकडेच्या रुईवर वाढणारे प्लेन टायगर आणि कण्हेरीवर वाढणारे कॉमन क्रो. यातल्या कॉमन क्रोचा कोश आरशासारखा चकाकतो. अळी ठरावीक वनस्पतीच खाते. त्यामुळे आधी झाड ओळखायचे, मग अळी शोधायची.

कोशात नेमके काय घडते?

बाहेरून कोश निपचित दिसतो, पण आत मोठी उलथापालथ सुरू असते. अळीच्या स्नायूंचा, पचनसंस्थेचा बराचसा भाग विरघळतो. अळीच्या शरीरात आधीपासून असलेल्या विशिष्ट पेशीसमूहांतून पंख, पाय, डोळे, सोंड घडतात. सगळेच विरघळते असे मात्र नाही. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये पेंटेड लेडी या फुलपाखराच्या जिवंत कोशांचे सीटी स्कॅन केले. श्वसननलिकांचे जाळे कोशाच्या अगदी सुरुवातीच्या काळातच स्पष्ट दिसत असल्याचे त्यात आढळले. हे फुलपाखरू आपल्याकडेही दिसते.

अळी घरी आणल्यावर काय काळजी घ्यावी?

एका वेळी दोन-तीनच अळ्या आणाव्यात. हाताने न उचलता पानासकट फांदी कापावी. फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळी पाण्यात पडते. वरून जाळी किंवा मच्छरदाणीचे कापड लावावे. विष्ठा रोज काढावी, नाहीतर बुरशी धरते. फवारणी झालेल्या झाडाची पाने अजिबात देऊ नयेत. बंद बरणी उन्हात ठेवली तर वर्ध्याच्या उकाड्यात आतला जीव वाचत नाही. त्यामुळे जुलै ते नोव्हेंबर हा काळ सोयीचा.

पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि जागा शोधत भटकते. तेव्हा आत एक-दोन काड्या उभ्या ठेवाव्यात. लिंबू फुलपाखराचा कोश रेशमाच्या धाग्याचा कमरपट्टा बांधून काडीला टेकतो, तर प्लेन टायगरचा उलटा लटकतो. या काळात कोशाला हात लावू नये. चुकून गळून पडलाच तर तो मऊ कापडावर, जाळीच्या कडेला ठेवावा. म्हणजे बाहेर आलेल्या फुलपाखराला वर चढून पंख लटकवता येतात.

छायाचित्रे कशी घ्यावीत?

मोबाइल स्टँडवर ठेवावा आणि रोज त्याच वेळी, त्याच अंतरावरून फोटो घ्यावा. खिडकीतला उजेड पुरेसा असतो, फ्लॅश टाळावा. स्वस्तातली क्लिप-ऑन मॅक्रो लेन्सही चालते. साधारण आठ-दहा दिवसांनी कोशाचे आवरण पारदर्शक होऊन पंखांचे रंग दिसू लागले की फुलपाखरू दुसऱ्या दिवशी, बहुधा सकाळी, बाहेर येते. ते बाहेर पडायला काही मिनिटेच लागतात, म्हणून टाइमलॅप्स पहाटेच सुरू करावा आणि मोबाइल चार्जिंगला लावून ठेवावा.

बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले असतात. शरीरातला द्रव नसांमध्ये ढकलून ते पंख फुलवते. ते वाळायला तास-दोन तास लागतात. याच वेळी कोणी ‘मदत’ म्हणून पंख सरळ केले तर ते कायमचे अधू होतात. खाली पडणारा लालसर थेंब रक्त नव्हे, कोशात साठलेला टाकाऊ द्रव असतो.

कोशातून माशी निघाली तर?

घाबरू नये. काही माश्या आणि इवल्या गांधीलमाश्या अळीत किंवा कोशात अंडी घालतात. फुलपाखरांची संख्या आटोक्यात ठेवण्याची ही निसर्गाची व्यवस्था आहे. त्याचीही छायाचित्रासह नोंद करावी.

पण ही अळी संत्र्याची कीड नाही का?

आहे. लिंबू फुलपाखराची अळी कोवळी पाने खाते. रोपवाटिका आणि नव्या कलमांना तिचा खरा फटका बसतो. आर्वी, आष्टी, कारंजा भागातील संत्रा उत्पादकांचे नुकसान नाकारता येत नाही. मात्र अंगणातल्या झाडाला चार-दोन अळ्यांनी फारसे बिघडत नाही. तिथे फवारणी केली तर अळीबरोबर तिच्यावर जगणाऱ्या उपयुक्त गांधीलमाश्याही मरतात. रोपे थोडी असतील तर अळ्या हाताने वेचणे पुरेसे ठरते.

कायद्याचे बंधन आहे का?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार काही फुलपाखरांना संरक्षण आहे. बोर व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रातून अंडी, अळी किंवा कोश आणू नयेत. ओळख न पटलेली अळी झाडावरच राहू द्यावी, तिचे फोटो तिथेच घ्यावेत. वाढवलेले फुलपाखरू जिथून अळी आणली तिथेच सोडावे.

या फोटोंचा उपयोग काय?

उडणाऱ्या फुलपाखरांचे फोटो भरपूर निघतात. अंडी, अळी, कोश यांच्या नोंदी त्या मानाने कमी होतात. तारीख, ठिकाण, झाडाचे नाव आणि कोशावस्थेचे दिवस लिहिले तर घरातला फोटोही अभ्यासाला उपयोगी पडतो. ‘आयनॅचरलिस्ट’, ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ यांवर अशा नोंदी देता येतात. २०२० पासून सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ होतो. सुरुवात करायला तो महिना चांगला. त्यासाठी लागतो एक कढीपत्ता आणि अळी दिसताच फवारणीचा पंप बाजूला ठेवण्याची तयारी.