ग्लायडर तारेवर अडकले तर

शेवगाव परिसरात पिके निघाली, की तापलेल्या काळ्या रानावर घारी पंख न हलवता घिरट्या घालतात. रिमोटचे ग्लायडरही त्याच वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगते. थर्माकोल गावात मिळतो. सर्व्हो, रिसीव्हर पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात. तोल पंखाच्या रुंदीत पुढून साधारण तिसऱ्या हिश्शावर हवा. शेपूट जड झाले, की विमान आवरत नाही.

पंखातली कार्बनची दांडी मात्र वीजवाहक असते. तारेत अडकलेले ग्लायडर काठीने, अगदी कोरड्याही, काढू नये. महावितरणला १९१२ वर कळवावे. कुणाला झटका बसलाच, तर वीज बंद झाल्याशिवाय त्याला शिवू नये. १०८ला फोन करावा. कातडीवर डाग चिमुकला दिसला तरी आतले स्नायू भाजलेले असू शकतात, हृदयाचे ठोकेही बिघडतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी ईसीजी काढावाच.