टपावरचे ऊन आणि धंद्याचा हिशेब

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी भाड्याने देण्याचा विचार पुष्कळांच्या मनात घोळतो आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगावचे किनारे मुंबईला जवळ आहेत. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत फॅब्रिकेशनचे कारागीर हाताशी आहेत. आमच्या ओळखीची नालासोपाऱ्याची दोन मुले जुनी व्हॅन घेऊन टपावर सोलर पॅनेल बसवण्याच्या तयारीत आहेत आणि गोष्ट घरातले दागिने मोडण्यापर्यंत आली आहे. आम्ही कापडवाले, विजेचे जाणकार नव्हे. परंतु माप आणि हिशेब आम्हाला कळतो.

आठवडे बाजारात माल नेणाऱ्यांना गाडीतल्या विजेचा प्रश्न जुनाच आहे. संध्याकाळी इंजिनच्या बॅटरीवर दिवे लावले की रात्री टेम्पोला धक्का मारावा लागतो. इंजिन चालू ठेवावे तर डिझेल जळते, जनरेटर आणावा तर शेजारचा दुकानदार भांडायला उठतो. म्हणून इंजिनची बॅटरी वेगळी आणि राहण्याची बॅटरी वेगळी, ही पहिली गोष्ट पक्की समजावी.

आता खप किती ते पाहू. चौघांच्या कुटुंबाला एका रात्रीत ६ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, २५ वॅटचे दोन पंखे आठ तास, मोबाईल आणि पाण्याचा छोटा पंप एवढे लागते. सगळे मिळून सुमारे ६०० वॅट-तास. १२ व्होल्टचा छोटा फ्रीज ठेवला की आणखी ५०० च्या आसपास. म्हणजे अकराशे झाले. टपावर सपाट ठेवलेले ४०० वॅटचे पॅनेल मार्च-एप्रिलच्या उन्हात, उष्णता आणि धुळीची घट धरून, दिवसाला साधारण १४०० वॅट-तास देते. इथवर जमाखर्च जुळतो.

गिऱ्हाईक मात्र एसी मागते. एक टनाचा एसी रात्रभर चालवायला पाच-सहा हजार वॅट-तास हवेत. त्यासाठी निदान दीड हजार वॅटचे पॅनेल लागेल, आणि एक चौरस मीटर जागेत आज सुमारे २०० वॅटच बसतात. लहान व्हॅनच्या टपावर तेवढी जागा कुठली? विकणारा ‘होऊन जाईल’ म्हणत असेल, तर त्याच्याकडून तसे बिलावर लिहून घ्यावे.

बॅटरीत स्वस्ताईचा मोह आवरावा. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, त्याहून खाली नेली तर लवकर मरते. वजनही ३० किलोच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी बारा-तेरा किलोची आणि ८० टक्क्यांहून अधिक वापरता येते. ती महाग आहे खरी, पण कच्च्या रंगाचा ताका स्वस्तात घेऊन काय होते हे आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी जातीचा घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेवढी सवलत बिलात दिसते का तेही बघावे. घरांच्या छतासाठी असलेले ‘सूर्यघर’ योजनेचे अनुदान गाडीला मिळत नाही.

आमच्या किनाऱ्यावर एक अडचण वेगळीच आहे. राजोडी-कळंबला गाडी सुरूच्या सावलीत लावली तर पॅनेल उपाशी, उन्हात लावली तर आतली माणसे भाजतात. पॅनेलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पन्न बरेच घसरते. त्यावर तोड म्हणजे घडीचे पॅनेल जमिनीवर उन्हात मांडावे आणि आठ-दहा मीटरची जाड तार ओढावी. बारीक तारेत वीज वाटेतच जिरते. खाऱ्या हवेमुळे नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. जून ते सप्टेंबर ढगाळ दिवसांत उत्पन्नाचा भरवसा धरू नये.

‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी लावण्याआधीही थोडे थांबावे. टपावरचे ऊन गाडी ओढत नाही. दोनशे किलोमीटरच्या फेरीत वीस लिटर डिझेल जळाले तर पन्नास किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पॅनेल तो परत आणत नाही. रात्री इंजिन किंवा जनरेटर चालवावा लागत नाही, धूर आणि आवाज टळतो, एवढाच खरा लाभ आहे. तो लहान नाही. गाडी दूरदूर पळवण्यापेक्षा एका किनाऱ्यावर दोन रात्री उभी राहिली तर तो वाढतो, म्हणून भाड्याचा दर किलोमीटरऐवजी दिवसावर ठेवावा, असे आमचे मत आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल मनाप्रमाणे करता येत नाही. विमा कंपनीही अपघातानंतर तेच कागद मागते. मुलांना आम्ही सांगितले आहे की टपाला भोके पाडण्याआधी विरारच्या आरटीओ कार्यालयात नकाशा घेऊन जा, आणि पहिली गाडी २०० वॅट, दिवे आणि पंख्यांचीच करा. फ्रीजचे एका हंगामाचे भाडे हाती आल्यावर पाहू.