फवारण्याआधी पान उलटून बघा
गच्चीतली बाग : लेखांक ९ (वैशाख)

गेल्या आठवड्यात आपण उन्हाळ्यात पाणी कधी आणि किती घालायचं ते पाहिलं. या आठवड्याचं काम नजरेचं आहे. वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, दुपारची हवा पार कोरडी होते आणि वळीव येईपर्यंत पानं धुऊन निघत नाहीत. रस शोषणाऱ्या किडींना हेच मानवतं. पावसाळ्यात धुऊन जाणाऱ्या या किडी आत्ता एकेक करत सगळ्या कुंड्या व्यापतात.

सुरुवात जास्वंदीपासून करा. शेंड्याची पानं आखडून गोळा झाली असतील आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसत असेल, तर तो पिठ्या ढेकूण. त्या पुंजक्यात शेकडो अंडी असतात. ढेकणातून गोड चिकटा पाझरतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि मुंग्यांची रांग लागते. चिकट्याच्या लोभाने मुंग्या ढेकणांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊनही ठेवतात. म्हणून खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली, की वर शेंड्यापर्यंत नजर टाकायचीच.

याच कुळातल्या एका किडीने आपल्याकडे मोठा धुमाकूळ घातला होता. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि २०१० पर्यंत पुणे परिसरातल्या पपईच्या बागांत येऊन थडकला. पपईबरोबर जास्वंद, तुती आणि रस्त्याकडेचं गाजरगवतही त्याला चालतं. फवारण्या करूनही तो हटेना, कारण अंगावरच्या मेणामुळे औषध आतपर्यंत पोचत नाही. अखेर २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू बंगळूरला आणले गेले. त्यातली ‘असेरोफॅगस पपायी’ ही मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी ढेकणाच्या शरीरात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाऊन संपवते. या माश्या वाढवून महाराष्ट्रातही सोडल्या गेल्या आणि ढेकूण आटोक्यात आला. जिथे फवारणी चालूच राहिली, तिथे मात्र ढेकणाआधी माश्याच मरत.

आपल्या गच्चीलाही हाच धडा लागू आहे. ढेकणांच्या गर्दीत काही ढेकूण फुगून तपकिरी, कडक झालेले आणि पाठीला गोल भोक पडलेले दिसले, तर गांधीलमाशी कामाला लागली आहे असं समजा. ती फांदी तशीच राहू द्या. दुसरी ओळख जास्त फसवी. ढेकणाहून चांगलीच मोठी, अंगभर पांढऱ्या मेणाच्या झालरी असलेली आणि चपळ चालणारी अळी दिसली, तर ती ‘क्रिप्टोलीमस’ या ढालकिड्याची असते. हा किडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. तो आणि त्याची अळी, दोघंही ढेकूणच खातात. मोठा ढेकूण समजून लोक तिला चिरडतात, आणि आपला सगळ्यात कामाचा रखवालदार गमावतात.

रखवालदार दिसले नाहीत, तर क्रमाने जा. जास्त किडलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधा आणि उन्हात ठेवा. खतात टाकू नका. उरलेले पुंजके जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिनचा जाड थर द्या, म्हणजे मुंग्यांची वाट बंद होते. तरीही भागलं नाही, तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण घुसळून, ऊन उतरल्यावर फक्त किडलेल्या भागावर फवारा. भर उन्हात फवारलं, तर पानं करपतात.

वांगी, भेंडी आणि गुलाबाची पानं उलटून बघा. वरून बारीक फिकट ठिपके आणि खाली कोळिष्टकासारखं जाळं असेल, तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हात त्याची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवसांआड. पावसाचं काम सध्या आपणच करायचं आहे.

या आठवड्यातली बाकीची कामं थोडक्यात. कुंडीतल्या मातीवर दोन इंच पालापाचोळा पसरा. पालेभाज्यांवर हिरवी जाळी बांधा. हळद-आल्याचे डोळे फुटलेले कंद लावून घ्या. मोगऱ्याचा बहर ओसरला, की शेंडे हलके छाटा. गुलाबाची मोठी छाटणी आणि कुंडी बदलणं मात्र पाऊस स्थिरावेपर्यंत थांबू द्या.

पुढच्या लेखांकात वेलभाज्यांची पूर्वतयारी : दोडकं, कारलं आणि दुधी यांच्यासाठी कुंडी, माती आणि मांडव.