खाच व साल

सुतारकामात एका लाकडात दुसरे लाकूड बसविण्यासाठी कोरलेल्या पोकळीचे दोन प्रकार. बोलीत दोहोंनाही सरसकट ‘खाच’ म्हटले जाते. परंतु लाकडाच्या बळाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. खाच लाकडाच्या पृष्ठावर किंवा कडेला असून निदान एका अंगाने उघडी असते. साल चारही अंगांनी लाकडाने वेढलेले असते व त्यात दुसऱ्या लाकडाचे बारीक केलेले टोक म्हणजे कुसू शिरते (झाडाची साल ती वेगळी). कुसू व साल यांचा सांधा फार प्राचीन असून जर्मनीत लाइपसिकजवळ सापडलेल्या सु. ७,००० वर्षांपूर्वीच्या विहिरींच्या लाकडी चौकटीत तो आढळतो.

खाच पाडताना करवतीने दोन छेद देऊन मधला भाग पटाशीने उडवितात. सालात करवत चालत नाही. गिरमिटाने भोके घेऊन किकऱ्याने ते चौकोनी करावे लागते. सालाची रुंदी सामान्यतः लाकडाच्या जाडीच्या एक-तृतीयांश ठेवतात. ती वाढविल्यास सालाच्या भिंती फुटतात, कमी केल्यास कुसू मोडते.

वाकणाऱ्या दांड्यात सर्वाधिक ताण व दाब बाहेरच्या तंतूंवर येतात. मध्यभागी ते जवळजवळ नसतात. खाच नेमके बाहेरचे तंतू तोडते. काटकोनी छेदाच्या दांड्याचे वाकण्यास विरोध करणारे बळ त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे उंचीच्या एक-चतुर्थांश खोलीच्या खाचेने तेथील बळ सु. ५६ टक्केच उरते. उलट उंचीच्या मधल्या एक-तृतीयांश भागात आरपार साल पाडले, तरी सु. ९६ टक्के बळ टिकते. अधिक लाकूड काढूनही कमी हानी होते, ही गोष्ट नवशिक्याला सहसा पटत नाही.

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी वापरली जाणारी लाकडी तिफण हे याचे उत्तम उदाहरण होय. तिच्या दिंडात तीन ठिकाणी उभे साल पाडून फण बसवितात. बैलांची ओढ आडवी असल्याने दिंड आडव्या पातळीत वाकू पाहते. साल दिंडाच्या रुंदीच्या मध्यावर असल्याने तिचे पुढचे व मागचे तंतू अखंड राहतात. तेथे खाच घातली, तर दिंड दुबळे होते आणि फण केवळ खिळ्यांच्या आधारावर राहून काळ्या जमिनीच्या रेट्याने निसटतो. बैलगाडीच्या चाकातही आऱ्यांची टोके तुंब्याच्या सालात बसवितात, ती याच कारणाने.

लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीत जवळजवळ नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते, हवा कोरडी असते आणि कुसवे सैल पडतात. म्हणून पेरणीपूर्वी सालात पाचरी ठोकून घेण्याची रीत होती. गावचा सुतार हे काम बलुत्याच्या धान्यावर करी. ट्रॅक्टरवरील लोखंडी पेरणीयंत्रांत सालाची जागा बोल्टांनी घेतली आहे.